शाळेत एक कारखाना

पोळा जवळ आला की नागपूरच्या महाल भागातली मूर्तिकारांची चितार ओळ दुपारनंतर पोट्ट्यांनी भरून जाते. अंगावर शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, घराची वाट दुसरीकडे असली तरी पाय इकडेच वळलेले. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. फार जवळ जाऊन ओल्या मातीला बोट लावलं तर मूर्तिकार डाफरतो. एरवी तो त्यांच्याकडे बघतही नाही. तणसाचा आणि सुतळीचा सांगाडा बांधून झालेला, त्यावरचा मातीचा पहिला थर वाळून भेगाळलेला, आणि तो त्या भेगांत पातळ माती भरत बसलेला. मध्येच उठतो, चार पावलं मागं सरतो, मान तिरकी करून बघतो आणि परत येऊन मूर्तीच्या खांद्यावरची मूठभर माती उपसून टाकतो. चांगला बसलेला खांदा! बघणाऱ्यांपैकी एखाद्याच्या तोंडून ‘अरे!’ निघतं. मूर्तिकार चहा मागवतो.

शाळा आणि कलावंत यांनी एकत्र येऊन मुलांसाठी काही करावं, असं आता सगळेच म्हणतात. शिक्षणाची धोरणं म्हणतात, संस्था म्हणतात, कलावंतही म्हणतात. पण एकत्र येऊन नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या उपसलेल्या मूठभर मातीत दिसतं. तेवढंच नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी सध्या काय होतं ते पाहू. शाळेत ‘कार्यशाळा’ ठरते. हॉलमध्ये फलक लागतो. पाहुणे कलावंत येतात, शाल आणि श्रीफळ होतं, दोन वर्गांची मुलं मांडी घालून बसतात. कलावंत कागदाचा पक्षी करून दाखवतात, किंवा वारली पद्धतीची माणसं काढून दाखवतात, आणि मुलं तशीच काढतात. दोन तासांत सगळ्यांचे पक्षी तयार. सगळ्यांचे पक्षी सारखे. हातात पक्षी धरून फोटो, आभारप्रदर्शन, वंदे मातरम्. मुलं खूश असतात, त्यात खोटं काही नाही. रोजच्या तासांपेक्षा ते दोन तास बरेच गेलेले असतात, आणि तेवढ्यासाठीसुद्धा अशा कार्यशाळा व्हाव्यात.

पण त्या दोन तासांत मुलांनी कलावंताला काम करताना पाहिलं का? नाही पाहिलं. त्यांनी पाहिलं ते प्रात्यक्षिक. कलावंत जे शंभरदा करून चुकला आहे तेच त्यानं एकशे एकाव्यांदा करून दाखवलं. त्याचा हात कुठं अडला नाही, त्याला काही उपसून टाकावं लागलं नाही, पुढं काय करायचं असा प्रश्न त्याला पडला नाही. थोडक्यात, दोन तासांपुरता तो शिक्षक झाला. आणि शिक्षक तर शाळेत आधीपासून होतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की कलावंतानं शाळेत शिकवायला येऊ नये. त्यानं आपलं चालू काम घेऊन यावं. अर्धवट झालेलं, पुढं कसं जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसलेलं काम. शाळेनं त्याला एक खोली द्यावी, त्यानं तिथं बसून ते करावं आणि मुलांनी येत-जात ते पाहावं. चितार ओळीतल्या मूर्तिकाराच्या जागेला लोक कारखाना म्हणतात. तसा एक कारखाना शाळेत हवा.

हे बोलणं हवेतलं वाटू नये म्हणून नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला जाऊ. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती निघाली, समितीतून अभ्यासक्रम निघाला आणि नई तालीम उभी राहिली. हाताच्या उद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, ही तिची मूळ कल्पना. म्हणून लोकांच्या मनात नई तालीम म्हटलं की टकळी आणि चरखाच येतो. अभ्यासक्रमात चित्रकला आणि संगीतही होतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. सेवाग्रामची शाळा सांभाळणारं जोडपं, आर्यनायकम् आणि आशादेवी, दोघंही आले होते शांतिनिकेतनातून, रवींद्रनाथांच्या हाताखालून. गांधींचा उद्योग आणि रवींद्रनाथांचा आनंद यांचं जमेल का, हा वाद त्या काळी मोठमोठ्या माणसांनी घातला. सेवाग्रामच्या शाळेत तो वाद रोजच्या वेळापत्रकात मिटवावा लागत होता.

तिथं 1944 साली तेवीस वर्षांचा एक चित्रकार आला. देवीप्रसाद. जन्म देहरादूनचा, शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, गुरू नंदलाल बोस. नंदलालबाबूंचं नाव आपल्याकडे फैजपूरमुळे ओळखीचं असायला हवं. 1936 साली खानदेशातल्या त्या गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा तिथला मंडप त्यांनी गावात मिळणाऱ्या बांबू आणि गवतासारख्या साध्या वस्तूंनी सजवला होता. हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठीची त्यांची प्रसिद्ध चित्रं त्यानंतरची, 1938 ची. त्या गुरूचा हा शिष्य सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आला आणि 1962 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं राहिला.

शाळेत येताना त्यानं आपली कला दाराबाहेर ठेवली नाही. सेवाग्रामात तो चित्रं काढत होता, छायाचित्रं घेत होता, ‘नई तालीम’ मासिकाचं संपादन करत होता आणि कुंभारकामात शिरत होता. हे कुंभारकाम महत्त्वाचं. कलाभवनातून तो चित्रकार होऊन निघाला होता. पण पुढं त्याचं नाव झालं ते मुख्यतः कुंभार म्हणून. भारतातल्या आधुनिक कुंभारकलेच्या इतिहासात देवीप्रसादांना मानाची जागा आहे, आणि त्या वाटेला ते लागले सेवाग्रामात, मुलांच्या शाळेत असताना. म्हणजे शाळेतल्या मुलांनी जो माणूस चाकावर पाहिला तो स्वतःच शिकत होता.

चाकावर नवख्या हाताचं काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला यातलं मर्म लगेच कळेल. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध बसवणं हेच पहिलं आणि सगळ्यांत अवघड. तो केसभर जरी बाजूला राहिला तरी चाक फिरताना सगळा गोळा डोलायला लागतो. जोर लावून त्याला दाबावं तर तो आणखी डोलतो. हात कोपरापासून शरीराला टेकवून, स्थिर धरून, मातीला आपल्याकडे येऊ द्यावं लागतं. गोळा बसला, अंगठा आत गेला, भिंत वर उचलायला लागलो आणि एका बाजूला जरा पातळ झाली की सगळं भांडं क्षणात चाकावर आडवं. मग ती माती गोळा करायची, मळायची, पुन्हा बसायचं. हे मुलांदेखत करणारा मोठा माणूस शाळेत किती दुर्मीळ! शाळेतले मोठे लोक सगळं येणारे असतात. गणिताच्या सरांना उत्तर आधीच माहीत असतं, आणि नसलं तर ते गाइडात असतं.

पुढं देवीप्रसादांनी मुलांच्या कलेवर हिंदीत लिहिलं. ‘शिक्षा का वाहन : कला’ हे त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. 1962 नंतर ते लंडनला जाऊन जागतिक युद्धविरोधी चळवळीचे सरचिटणीस झाले, ती वेगळी कथा. मुलाच्या चित्राला मोठ्यांचं माप लावू नये, हे त्यांनी जे मांडलं ते आता सगळेच मांडतात. पण त्या म्हणण्याला वजन येतं ते अठरा वर्षांमुळे. हा माणूस आपली स्वतःची कलावंताची उमेदीची वर्षं एका खेड्यातल्या शाळेत घालवत होता, आणि त्यात आपण काही गमावतोय असं त्याच्या कामात तरी कुठं दिसत नाही. उलट त्याला त्याचं माध्यम तिथं सापडलं. कलावंत शाळेत गेला तर शाळेचा फायदा, अशीच चर्चा नेहमी होते. कलावंताचा फायदा कुणी विचारतच नाही. तो जणू समाजसेवा करायला आलाय.

आता मूळ मुद्द्याकडे. काम करणारा कलावंत पाहून मुलाला असं काय मिळतं, जे शिकवणाऱ्याकडून मिळत नाही?

कुठल्याही शाळेत चित्रकलेच्या तासाला एक गोष्ट हमखास दिसते. मूल कागद घेऊन सरांच्या टेबलाशी येतं आणि विचारतं, ‘सर, झालं?’ सर बघतात. ‘इथं रंग भर अजून.’ मूल जातं, रंग भरून परत येतं. ‘सर, आता झालं?’ ‘हं, झालं. नाव लिही.’ चित्र त्याचं, पण ते पुरं झालं की नाही हे ठरवणार सर. दहा-बारा वर्षं हेच चालतं आणि सगळ्याच विषयांत चालतं. निबंध झाला का, उत्तर पुरेसं झालं का, प्रकल्पाची वही भरली का, हे नेहमी दुसऱ्यानं सांगायचं. मग एवढं शिकलेलं मूल मोठं होऊन नोकरीत आपला अहवाल साहेबांपुढं ठेवतं आणि तोच प्रश्न विचारतं.

कलावंताला हा प्रश्न विचारायला कुणी नसतं. चितार ओळीतला मूर्तिकार चार पावलं मागं सरतो ना, तो हेच विचारत असतो, स्वतःला. आणि उत्तर ‘नाही झालं’ असं आलं तर चांगला दिसणारा खांदाही उपसतो. बघणाऱ्या पोट्ट्याला तो खांदा चांगलाच वाटत होता. म्हणूनच त्याच्या तोंडून ‘अरे!’ निघालं. मग तो थांबून बघतो की नवा खांदा कसा होतो, आणि कधी कधी त्याला दिसतं की हो, आधीचा जरा पुढं आलेला होता. हे दिसणं म्हणजे डोळा तयार होणं. ते सांगून होत नाही. ‘प्रमाणबद्धता’ या शब्दाखाली पाठ्यपुस्तकात चार ओळी असतात. त्या वाचून खांदा पुढं आलेला दिसत नाही.

चुकीचंही तसंच. शाळेत चूक लाल शाईनं येते आणि तिचे गुण जातात. त्यामुळे मुलांच्या कंपासपेटीतली सगळ्यांत झिजलेली वस्तू असते खोडरबर. कागदाला भोक पडेपर्यंत खोडतात. कारखान्यात चूक कामाचा भाग असते, तिचं कुणी सोंगही करत नाही आणि कौतुकही करत नाही. ‘चुकांतून शिका’ असं भिंतीवर लिहून ठेवण्यापेक्षा, एक माणूस रोज चुकतोय, दुरुस्त करतोय आणि तरीही तो आपल्या कामात नावाजलेला आहे, हे दिसणं फार वेगळं.

आणि वेळ. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात पाणी आणणं, रंग काढणं, पाट्या धुणं जाऊन हाती उरतो अर्ध्याहून कमी. माती मात्र तिला लागेल तेवढाच वेळ घेते. घाईनं वाळवली की तडकते. कारखाना शाळेच्या आवारात असला तर निदान एका खोलीतला वेळ घंटेवर चालत नाही, एवढं तरी मुलांना कळतं.

इटलीत रेज्जो एमिलिया नावाच्या शहरानं ही गोष्ट बालवाड्यांच्या पातळीवर ओळखली. दुसरं महायुद्ध संपताच तिथं पालकांनी स्वतः श्रमून शाळा बांधायला घेतल्या. पुढं 1963 पासून नगरपालिकेनं बालवाड्या चालवायला सुरुवात केली. लोरिस मालागुझ्झी या शिक्षकानं तिथं प्रत्येक शाळेत एक कलाकक्ष ठेवला आणि त्यात शिक्षणशास्त्राची नव्हे तर कलेची पार्श्वभूमी असलेला माणूस नेमला. कायमचा. तो शाळेचाच माणूस, वर्षभर तिथंच राहणारा. जगभरातून शिक्षणतज्ज्ञ ते बघायला जातात आणि परत येऊन आपल्याकडे कार्यशाळा घेतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण दादरच्या छबिलदास शाळेचं. 1971 साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली आणि 1974 पासून शाळेच्या छोट्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका चळवळीला शाळेचं नाव लागलं, छबिलदास चळवळ. सुलभाताई स्वतः त्या शाळेत शिक्षिका होत्या. पुढं त्यांनी मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ सुरू केली आणि ‘दुर्गा झाली गौरी’ सारखं नृत्यनाट्य तिच्यातून उभं राहिलं. नाटकं संध्याकाळनंतरची, म्हणजे दिवसाच्या शाळेतल्या सगळ्याच मुलांच्या वाट्याला ती आली असं म्हणता येणार नाही. पण शाळेनं आपली जागा कलावंतांना त्यांच्या कामासाठी दिली, ‘आमच्या मुलांना काय शिकवाल?’ हा प्रश्न आधी न विचारता दिली, आणि मुलांच्या वाट्याचं त्यातून मागाहून आपोआप निघालं, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

इथं एक आक्षेप येतो आणि तो नागपुरात बसून टाळता येत नाही. या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. ज्यांच्या आजा-पणज्यांना जातीनं विशिष्ट कामाला बांधून ठेवलं होतं, त्यांनी शाळा धरली ती त्या कामातून सुटायला. त्यांच्या नातवंडांना शाळेतच पुन्हा चाक, चामडं, टोपल्या दाखवायच्या? नई तालीमवर हा संशय होताच. खेड्यातल्या पोरांना टकळी आणि शहरातल्या साहेबांच्या पोरांना इंग्रजी शाळा, असं होणार हे लोकांना दिसत होतं, आणि पुढं साधारण तसंच झालं. बुनियादी शाळा गरिबांच्या म्हणून ओळखल्या गेल्या आणि ज्याला जमलं त्यानं मुलाचं नाव तिथून काढलं. सेवाग्रामला आनंद निकेतनसारखी शाळा 2005 पासून ते काम नव्यानं करते आहे. पण मधल्या दशकांची ही अढी खोटी नव्हती.

हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याला तो मारक ठरण्याऐवजी उपकारकच ठरतो. मुलाला हस्तोद्योग लावणं वेगळं आणि मुलाच्या शाळेत कलावंत कामाला बसणं वेगळं. पहिल्यात मूल उत्पादनाला जुंपलं जातं. दुसऱ्यात मुलावर काहीच बंधन नाही. ते बघेल, कंटाळेल, निघून जाईल, परत येईल. खरी गोम आहे ती कलावंताला शाळेत कुठं बसवतो त्यात. कुंभाराला मैदानात कनात बांधून एका दिवसासाठी आणला, मुलांनी रांगेनं येऊन पाहिलं, त्याला पाकीट देऊन पाठवला, तर आपण जातच दाखवली. त्याचं नाव शिक्षकांच्या फलकावर लागलं, त्याला महिन्याचं मानधन मिळालं, शिक्षकांच्या खोलीत त्याचा चहा आला आणि संमेलनाच्या पत्रिकेत मुख्याध्यापकांइतक्याच मोठ्या अक्षरात त्याचं नाव छापलं गेलं, तर मुलांनी एक कलावंत पाहिला. गुजरातीच्या किंवा संस्कृतच्या सरांचा मुलगा त्याच्या चाकावर बसायला हट्ट करतो आहे, हे इतर मुलांनी पाहणं यात तर फारच मोठं शिक्षण आहे.

दुसरा आक्षेप हलका आहे. मूर्तिकार, चित्रकार, नट यांचं काम दिसतं. कवी शाळेत बसून काय दाखवणार? माणूस वही पुढं घेऊन खिडकीबाहेर बघतोय, एवढंच. मला वाटतं तेही पाहण्यासारखं आहे, पण त्याहून त्याची वही दाखवावी. खाडाखोड केलेली, एकाच ओळीचे सहा मसुदे असलेली. पाठ्यपुस्तकात कविता छापून येते तेव्हा ती आकाशातून पडल्यासारखी दिसते. तिच्याखाली फुल्यांनी भरलेलं पान होतं हे बघितलेलं मूल स्वतःचा निबंध पुन्हा लिहायला कमी कुरकुरेल. गायकाचं तर सोपंच आहे. त्यानं सकाळी रियाजाला शाळेत बसावं. मैफलीत ऐकू येतो तो सूर आणि रियाजात शोधला जातो तो सूर, यांतला फरक मुलांच्या कानांना फार लवकर कळतो.

आता ज्याचं नाव आत्तापर्यंत कुणीच घेतलं नाही त्याच्याकडे वळू. बाहेरून कलावंत आणायच्या गडबडीत शाळेचं लक्ष जात नाही की एक कलावंत तिच्या पगारपत्रकावर आधीपासून आहे. चित्रकलेचे सर. कलाशिक्षक पदविका करून, कित्येकदा नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयासारख्या ठिकाणी पुढं शिकून आलेले. हा माणूस शाळेत करतो काय? प्रजासत्ताक दिनाला फलकलेखन. पाहुणे आले की रांगोळीची देखरेख. संमेलनाचा पडदा रंगवणं, प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावं घालणं, निवडणूक आली की मतदारयादी. दहावीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास गणिताचे सर ‘जरा पोर्शन राहिलाय’ म्हणून मागून घेतात, तोही हसून देतो. त्याला स्वतःचं चित्र काढताना शाळेत कुणी पाहिलेलं नसतं. घरी तो काढतो का, हेही कुणी विचारत नाही. आणि दहा-पंधरा वर्षांनी तो खरंच काढत नसतो.

त्याला वेळ राहतो तो शासकीय रेखाकला परीक्षांसाठी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी दिलेल्या या परीक्षा. त्यांच्यामुळे खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हाती निदान ब्रश आला, हे त्यांचं श्रेय मोठं आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालं की श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण. हे गुण आले आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढली, तसं शिकवणंही ठरावीक झालं. स्मरणचित्रात ‘बाजार’ आला तर फुगेवाला कुठं ठेवायचा, हे आता मुलांना पाठ असतं. बाजार पाहिलेला असो वा नसो. यात सरांना दोष देता येत नाही. त्यांचं मोजमाप त्याच श्रेणीवर होतं.

म्हणून शाळेतला कारखाना सुरू करायचा तर पहिली जागा या सरांची. त्यांचे आठवड्यातले काही तास मोकळे करून त्यांना सांगावं की, सर, तुम्ही इथं बसून तुमचं चित्र काढा. पुष्कळांना पहिल्यांदा ते अवघड जाईल, हात आखडलेला असेल. ते आखडलेपण मोकळं होताना मुलांनी पाहिलं तर त्याहून चांगला पाठ कुठला? बाहेरचा कलावंत येईल तो मग या सरांच्या जोडीला येईल. त्यांच्या डोक्यावर बसायला येणार नाही. कित्येक शाळांत असे उपक्रम फसतात ते इथंच. बाहेरून आलेल्या पाहुण्याला टाळ्या आणि आतल्या माणसाला टेबलं हलवायचं काम, असं झालं की पाहुणा गेल्यावर त्या खोलीला कुलूप लागतं.

नागपूरला बाहेरच्या कलावंतांची वानवा नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालयच 1986 पासून या शहरात आहे आणि दरवर्षी त्याच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो. देशभरातले कारागीर तिथं मांडामांड करून बसतात, हात चालू ठेवतात. शाळांच्या सहली येतात, मुलं ओठावर बोट ठेवून रांगेनं फिरतात आणि बाई म्हणतात, ‘पुढं चला, पुढं चला.’ त्या कारागिरांतला एक जण मेळा संपल्यावर एखाद्या शाळेत महिनाभर थांबला तर काय होईल याचा विचार व्हायला हवा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट आहेत. देसाईगंज-वडसा भागात दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी त्यांची नाटकं, आणि त्यांच्यातले परशुराम खुणे 2023 साली पद्मश्री झाले. नाटकाचा हंगाम आणि शेतीची घाई सांभाळून त्यांना आणावं लागेल. शाळेला तालीम बघू द्यायची, प्रयोग बघायला बोलावण्यापेक्षा तालीम.

माझ्या मनात सगळ्यांत आधी येतात ते मारबतीवाले. मारबत म्हणजे मिरवून शेवटी जाळायचा बाईच्या रूपातला मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोट्टे लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा मागतात, त्याच दिवशी या दोघींची मिरवणूक निघते आणि त्यांच्याबरोबर निघतात बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या रोगाचा, कधी एखाद्या देशाचा किंवा पुढाऱ्याचाही. यंदा बडग्या कशाचा करायचा, त्याच्या गळ्यातल्या पाटीवर काय लिहायचं, यावर आठवडेच्या आठवडे वाद होतात. एका शाळेच्या शेडमध्ये एक बडग्या बनला, बनवणारे त्यांच्याच धांदलीत आणि मुलं भोवती, तर बांबू वाकवण्यापासून नागरिकशास्त्रापर्यंत किती गोष्टी एका जागी येतील! शाळेला अर्थात धास्ती वाटेल, पुतळा कुणाचा निघतो म्हणून. ती धास्ती रास्त आहे. पण मुलांचा राग कशावर आहे हे शाळेला कळायची तेवढीच एक संधी आहे. आणि इतक्या मेहनतीनं केलेली वस्तू शेवटी जाळून टाकायची असते. जपून ठेवायला, प्रदर्शनात मांडायला, निरीक्षकांना दाखवायला काही उरत नाही.

धोरणाची आडकाठी आता फारशी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्यासोबत मुलांनी राहावं अशी कल्पना त्यात आहे. शिक्षण हक्क कायद्यात तर 2009 पासूनच लिहिलेलं आहे की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. कागद आहेत. दहा दिवस दहा पाहुण्यांत वाटून टाकायचे की एका माणसाबरोबर घालवायचे, हे ठरवणं शाळेच्या हातात आहे, आणि मी दुसऱ्या बाजूचा आहे.

पैशाचं म्हणाल तर स्नेहसंमेलनाचा हिशेब काढून बघावा. मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, भाड्याचे पोशाख, सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवून देणारे बाहेरचे नृत्यशिक्षक. हा खर्च पालक दरवर्षी कुरकुरत का होईना करतात. त्यातल्या एका हिश्श्यात एक कलावंत एक सत्रभर शाळेत बसू शकतो. संमेलन थोडं साधं होईल. काही पालक नाराज होतील, विशेषतः ज्यांची मुलं पहिल्या रांगेत नाचतात ते.

राहिला खोलीचा प्रश्न. वरच्या मजल्यावरची, संगणककक्षाशेजारची छान फरशीची खोली देऊ नये. तिथं कुणी मनमोकळं घाण करू शकत नाही. तळमजल्यावरची, नळाजवळची, दार मोठं असलेली जुनी खोली चांगली. मातीकाम असेल तर हात धुतलेलं पाणी थेट मोरीत जाऊ देऊ नये, महिन्याभरात पाइप तुंबतो. एक पिंप ठेवावं, गाळ खाली बसू द्यावा, वरचं पाणी बागेला घालावं. खालची माती पुन्हा कामाला येते. दार शाळा सुटल्यावरही तासभर उघडं राहील असं बघावं, कारण खरी गर्दी तेव्हाच होईल. आणि हे सगळं मुख्याध्यापकांशी बोलण्याच्या आधी शिपाईमामांशी बोलून घ्यावं. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि फरशीही तेच पुसतात.